बाण सरळ, वाट वाकडी: सह्याद्रीतल्या पहिल्या जिओकॅशसाठी मुंबईकरांची तयारी

फोनवरचा बाण सांगतो, डबा २८० मीटरवर आहे. बाण खोटं बोलत नाही. त्या २८० मीटरच्या मध्ये शंभर मीटरचा सरळसोट कडा उभा आहे, एवढंच त्याला ठाऊक नसतं. डोंगरातलं जिओकॅशिंग शिकायचं म्हणजे या बाणाचं कुठपर्यंत ऐकायचं आणि कुठे फोन खिशात टाकायचा, हे शिकायचं. बाकीच्या गोष्टी चार फेऱ्यांत अंगवळणी पडतात.

खेळ थोडक्यात

कोणीतरी एक डबा लपवतो, त्याचे अक्षांश-रेखांश संकेतस्थळावर टाकतो. बाकीचे जीपीएसच्या मदतीने तो शोधतात, आतल्या वहीत नाव-तारीख लिहितात आणि डबा होता तिथे तसाच ठेवतात. २ मे २००० रोजी अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संकेतात मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली. तोवर शंभर मीटरपर्यंत हुकणारं यंत्र एका रात्रीत दहा-वीस मीटरवर आलं. दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर यांनी ओरेगॉन राज्यातल्या बीव्हरक्रीकजवळच्या जंगलात एक काळी बादली ठेवली, आत वही-पेन्सिल आणि काही किरकोळ वस्तू. खेळाची सुरुवात ती.

‘कॅश’ म्हणजे इथे रोख रक्कम नव्हे, लपवून ठेवलेला साठा. घरी सांगताना ‘डबा शोधायला चाललोय’ म्हणा, गैरसमज टळतात.

पहिले दोन-तीन डबे डोंगराबाहेर

थेट गडावर जाऊ नका. फोनवर अधिकृत जिओकॅशिंग ॲप घ्या, किंवा अँड्रॉइड असेल तर सी:जिओ हे फुकट ॲप. खातं फुकट उघडतं, पण काही डबे फक्त पैसे भरणाऱ्या सदस्यांनाच दिसतात, त्यामुळे नकाशा रिकामा वाटला म्हणून निराश होऊ नका. पुण्या-मुंबईकडे मुळात डबे कमी. युरोपातल्या एखाद्या शहरात गल्लीगल्लीत दिसतात तसं इथे नाही.

शहरात किंवा शहराच्या कडेला दोन-तीन सोपे डबे शोधले की डोळ्यांना सवय होते. कुठल्या फटीत डबा मावतो, ‘मायक्रो’ म्हणजे नक्की केवढा, झाडाखाली बाण किती नाचतो, हे वाचून कळत नाही. डबा नसलेला एक प्रकारही करून पाहा: अर्थकॅश. त्यात जागेवर जाऊन खडक नीट पाहायचा आणि विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं पाठवायची. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलसारखे बेसॉल्टचे उभे खांब ज्यांना नुसते ‘दगड’ वाटतात, त्यांनी हे जरूर करावं. पुढे कड्याखाली उभं राहिल्यावर तीच नजर कामी येते.

डब्याचं पान कसं वाचायचं

प्रत्येक डब्याला ‘जीसी’ने सुरू होणारा क्रमांक असतो. त्याच्या पानावरच्या पाच गोष्टी निघण्याआधी वाचा.

पहिली, प्रकार. नवख्याने ‘ट्रॅडिशनल’च घ्यावा, म्हणजे दिलेल्या आकड्यांवरच डबा. ‘मल्टी’त एका ठिकाणी पुढच्या ठिकाणचा सुगावा मिळतो. ‘मिस्टरी’त दिलेले आकडे बहुतेक वेळा खोटे असतात, कोडं सोडवल्यावरच खरे मिळतात. हे न वाचता मिस्टरीच्या आकड्यांवर जाऊन रानात तास घालवणारे कमी नाहीत.

दुसरी, काठिण्य. दोन आकडे असतात, दोन्ही १ ते ५, अर्ध्या-अर्ध्याच्या टप्प्याने. पहिला शोधण्याचा, दुसरा वाटेचा. वाटेचा आकडा ५ म्हणजे दोर किंवा होडीसारखं खास साधन लागणार. सह्याद्रीत पहिल्या खेपेला वाट ३ च्या वर नको, शोध २ च्या वर नको. एक गोष्ट ध्यानात ठेवा: आकडा लपवणाऱ्याने दिलेला असतो आणि तो बहुधा हिवाळ्यात गेलेला असतो. जुलैत तीच वाट एका आकड्याने तरी चढते.

तिसरी, आकार. मायक्रो १०० मिलिलिटरहून लहान, जुन्या कॅमेऱ्याच्या रिळाच्या डबीएवढा. त्याहून लहान नॅनो, शर्टाच्या बटणापेक्षा थोडा मोठा. स्मॉल लिटरभरापर्यंत, रेग्युलर २० लिटरपर्यंत. डोंगरात पहिल्यांदा रेग्युलर किंवा स्मॉलच निवडा. दगडांच्या राशीत नॅनो शोधणं ही शिक्षा आहे.

चौथी आणि सगळ्यांत महत्त्वाची, शेवटच्या नोंदी. ‘सापडला’ अशी नोंद गेल्या पावसाळ्यानंतरची आहे का? मेमधली शेवटची नोंद आणि त्यानंतर दोन ‘सापडला नाही’ असतील, तर डबा ओढ्याने नेला असण्याचा संभव मोठा. अशा डब्यासाठी पहाटेची लोकल पकडू नका.

पाचवी, हिंट. ती साध्या सांकेतिक लिपीत असते, इंग्रजी वर्णमालेत प्रत्येक अक्षर तेरा घरं पुढे सरकवलेलं. ॲपमध्ये बोट लावलं की उलगडते. घरीच उलगडून कागदावर लिहा. डोंगरावर स्वाभिमान म्हणून हिंट न वाचण्यात अर्थ नाही. शोधायला लागलेला जास्तीचा तास उतरताना अंधारातून वसूल होतो.

आकड्यांचा घोळ

या खेळात अक्षांश-रेखांश अंश आणि दशांश मिनिटांत लिहितात. उदाहरणादाखल ‘एन १८° ५९.५००’ घ्या. म्हणजे १८ अंश आणि साडेएकोणसाठ मिनिटं. नकाशाच्या बऱ्याच ॲपना मात्र दशांश अंश हवे असतात. मिनिटांना ६० ने भागायचं: ५९.५ भागिले ६० म्हणजे ०.९९१६७. उत्तर १८.९९१६७.

आता चुका बघा. कोणी घाईत १८.५९५ असं टाकलं, तर ठिकाण ४४ किलोमीटर दक्षिणेला सरकतं. ही चूक निदान घरीच दिसते, कारण कर्जतचा डबा भलतीकडेच दिसू लागतो. खरी घातक चूक लहान असते: तोच आकडा १८ अंश ५९ मिनिटं ५० सेकंद असा वाचला तर फरक सुमारे ६०० मीटरचा. नकाशावर गड तोच दिसतो, पण तुम्ही पलीकडच्या सोंडेवर (डोंगराच्या उतरत्या धारेवर) पोचलेले असता. म्हणून आकडे टाकल्यावर उपग्रहचित्र उघडा आणि पानावरच्या वर्णनाशी जागा ताडून पाहा. वर्णनात ‘खिंडीतल्या झाडाजवळ’ असेल आणि टिंब उघड्या पठारावर पडत असेल, तर आकडे पुन्हा तपासा.

शेवटच्या आकड्याची किंमतही जाणून घ्या. मिनिटाचा हजारावा भाग उत्तर-दक्षिण १.८५ मीटर, आपल्या अक्षांशावर पूर्व-पश्चिम सुमारे १.७५ मीटर. शेवटचा आकडा एक-दोनने चुकला तर चालतं, त्याच्या अलीकडचा चुकला तर अठरा मीटर गेले.

वाट आधी, बाण नंतर

सह्याद्री लाव्ह्याच्या थरांचा आहे. एकावर एक आडवे थर साचले. कठीण थरांचे कडे झाले, मऊ थरांचे उतार आणि पदर, म्हणजे कड्यांमधल्या सपाट्या. त्यामुळे आपल्याकडचा डोंगर जिन्यासारखा चढतो: पदर, कडा, पुन्हा पदर, पुन्हा कडा. एका पदरावरून दुसऱ्यावर जायला नाळ (कड्यातली अरुंद घळ), सोंड किंवा कोरलेल्या पायऱ्या अशा मोजक्याच जागा असतात. बाण ज्या दिशेला आहे त्या दिशेला घुसलं की बहुतेक वेळा माणूस कड्याच्या तळाशी किंवा, त्याहून वाईट, कड्याच्या माथ्याशी येतो. घसाऱ्यावरून, म्हणजे सुट्या माती-दगडांच्या उतारावरून, चढणं जमतं, उतरणं जमत नाही. अडकलेल्यांच्या बऱ्याच कहाण्या या एकाच चुकीच्या आहेत.

म्हणून घरी बसून वाट आखायची. ऑफलाइन नकाशाचं एखादं ॲप घ्या. ओपनस्ट्रीटमॅपवर आपल्या बऱ्याच गडवाटा आखलेल्या आहेत. पायथ्याचं गाव, पहिला फाटा, पदरावरचा पाडा, पाण्याचं टाकं, खिंड आणि डबा, अशा पाच-सहा खुणा नोंदवा. एका खुणेकडून दुसरीकडे जायचं, डब्याकडे फक्त शेवटच्या खुणेनंतर पाहायचं. समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) एकमेकींना चिकटलेल्या दिसल्या की तिथे कडा आहे, मग अंतर कितीही कमी दिसो.

वेळेचा हिशेब अंतरावर करू नका, चढाईवर करा. नवख्या गटाने तासाला ३०० मीटर उंची धरावी, शोधायला पाऊण तास, उतरायला चढण्याइतकाच वेळ. डिसेंबरच्या सुरुवातीला मुंबईत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि घळीत त्याआधीच अंधारतं. दुपारी २ ही परतीची वेळ ठरवा. डबा ५० मीटरवर असला तरी २ म्हणजे २.

मोसम: नोव्हेंबर ते फेब्रुवारी. ऑक्टोबरात गवत कमरेएवढं असतं आणि ऊन चटके देतं. मार्चनंतर टाकी आटतात, वणवे लागतात. पावसाळ्यात धुकं, शेवाळलेला कातळ आणि तासाभरात फुगणारे ओढे. शिवाय रायगड-ठाण्यातल्या काही धबधब्यांवर आणि गडांवर जिल्हा प्रशासन बंदीचे आदेश काढतं. ओला फोन बोटाला दाद देत नाही, ही तर शेवटची अडचण.

कुठे जाऊ नये हेही आधी पाहा. राष्ट्रीय उद्यान किंवा अभयारण्याच्या हद्दीत ठरलेल्या वाटा आणि वेळा पाळाव्या लागतात. वाट सोडून रानात शिरणं हा तिथे गुन्हा ठरू शकतो.

पाठपिशवीत काय

पाणी माणशी ३ लिटर. टाक्यातलं पाणी मिळेलच असं धरू नका. फोन पूर्ण भरलेला आणि १०,००० एमएएचची पॉवर बँक. त्यातलं साधारण साठ-पासष्ट टक्केच फोनपर्यंत पोचतं, म्हणजे मोठ्या बॅटरीचा फोन एकदा पूर्ण आणि वर थोडा. वायर दोन, कारण वायरच दगा देते. डोक्याला लावायची विजेरी. शिट्टी. हातभर लांबीची काठी. जाड हातमोजे. चिमटा, कारण नॅनोमधली गुंडाळलेली पट्टी बोटांनी निघत नाही. साधी पेन्सिल: जेल पेनाची शाई दमट कागदावर फुटते, बॉलपेन ओल्या कागदावर चालत नाही. आकडे, हिंट आणि खुणा लिहिलेला कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत. गूळ-शेंगदाणे किंवा चिक्की. देवाणघेवाणीसाठी दोन छोट्या वस्तू.

जीपीएसचं हातातलं वेगळं यंत्र असेल तर उत्तम, नसलं तरी फोन पुरतो. उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रं किंवा उपग्रह फोन मात्र परदेशातल्या नातेवाइकाकडून मागवू नका. भारतात परवान्याशिवाय ती वापरणं बेकायदा आहे आणि विमानतळावरच ताब्यात घेतल्याची प्रकरणं झाली आहेत.

होकायंत्र ठेवा, पण माथ्यावरच्या कातळाला टेकवून वाचू नका. बेसॉल्टमध्ये लोहखनिज असतं आणि वीज पडलेल्या माथ्यांवर सुई भलतीकडे वळते. फोनचा होकाही तसाच. चुंबकाच्या झडपेचं कव्हर असेल तर आधी काढा, मग फोन हवेत आठचा आकडा काढत फिरवा.

निघाल्यापासून पदरापर्यंत

कर्जत, नेरळ, वांगणी, आसनगाव यांपैकी जिथे उतराल तिथे, नेटवर्क असतानाच, एकदा जीपीएस चालू करून ठिकाण येऊ द्या. कारण असं: फोन उपग्रहांच्या कक्षेची माहिती इंटरनेटवरून क्षणात घेतो. नेटवर्क नसेल तर ती उपग्रहाकडूनच घ्यावी लागते; एका उपग्रहाची ताजी माहिती यायला ३० सेकंद अखंड संकेत लागतो आणि सगळ्यांचं वेळापत्रक यायला साडेबारा मिनिटं. दाट झाडीत हा संकेत तुटत राहतो आणि नवखा माणूस ‘जीपीएस बिघडलं’ म्हणतो. एकदा ठिकाण मिळालं की फोन विमान स्थितीत (एअरप्लेन मोड) टाका. जीपीएस चालू राहतं आणि नेटवर्क शोधण्यात जाणारी बॅटरी वाचते.

पायथ्याच्या गावात थांबा. आपल्याकडे गडावर दगड उलथणारा माणूस दिसला की पहिला संशय गुप्तधनाचा येतो आणि तो अगदीच निराधार नाही, खोदणाऱ्यांनी गड बरेच पोखरले आहेत. ‘मामा, गडावर चाललोय, दुपारी चारपर्यंत खाली येतो’ एवढं हॉटेलात किंवा घराच्या ओट्यावर सांगून जा. खेळ समजावून सांगायला कमीपणा मानू नका. फोनवरचा नकाशा दाखवला की पोरं लगेच ओळखतात. याच गप्पांत ‘वरची वाट दरडीने गेली, मागच्या सोंडेने जा’ अशी माहिती मिळते, जी कुठल्याही ॲपमध्ये नसते. घरी एकाला गावाचं नाव, वाट आणि परतीची वेळ कळवलेली असावी.

चालताना ॲपमध्ये माग नोंदवत राहा, म्हणजे परतताना त्याच रेघेवरून येता येतं. पदरावर गुरांच्या वाटांचं जाळं असतं. ढोरवाट आधी छान रुंद असते, मग कारवीत किंवा पाण्याशी विरून जाते. माणसांची वाट ओळखायची खूण: पायांनी गुळगुळीत झालेला दगड, झाडावरचा कोयत्याचा जुना घाव, बिस्किटाचा कागद. (शेवटची खूण असू नये, पण असते.) दर दहा मिनिटांनी फोन पाहा, सतत नको. खुणेपासून ७०-८० मीटर भरकटला असाल तर पुढे ‘वाट मिळेलच’ म्हणत जाऊ नका, मागे फिरा.

शेवटचे पंधरा मीटर

इथे खेळ सुरू होतो.

उघड्यावर चांगला फोन ३ ते ५ मीटरपर्यंत बरोबर असतो. कड्याखाली मात्र अर्धं आकाश झाकलेलं असतं, शिवाय उपग्रहाचा संकेत कातळावर आपटून उशिरा पोचतो आणि फोनला वाटतं, आपण दहा-वीस मीटर पलीकडे आहोत. लपवणाऱ्याचा फोनही त्याच कड्याखाली उभा होता. त्याची चूक ६ मीटर, तुमची ८, दोन्ही विरुद्ध दिशांना गेल्या तर १४ मीटर. पंधरा मीटर त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे सातशे चौरस मीटर, मुंबईच्या हिशेबात पंधरा वन-बीएचके. एवढ्या जागेतला प्रत्येक दगड उलथायचा नाही. म्हणून पुढची पद्धत.

अंतर १५ मीटरवर आलं की थांबा, फोन सपाट धरून मिनिटभर स्थिर उभे राहा. बाण शांत होऊ द्या. चालताना तो नाचतो, उभ्याने सावरतो. मग दुसऱ्या दिशेने त्याच जागेकडे या, जमल्यास तिसऱ्याही. तिन्ही वेळा बाण जिथे नेतो त्या जागांच्या मध्यावर पाठपिशवी ठेवा. ते तुमचं केंद्र. कडा अगदी डोक्यावर असेल तर २०-३० मीटर मागे उघड्यावर जा, तिथून ‘डबा अमुक दिशेला, २५ मीटर’ असं वाचा आणि पावलं मोजत त्या दिशेने चाला. चिकाटीने कातळाला चिकटून वाचलेल्या दहा आकड्यांपेक्षा हा एक आकडा खरा निघतो.

आता फोन खिशात. लपवणाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवा: मला लिटरभराचा डबा पावसाच्या धारेपासून, माकडांपासून आणि गुराख्याच्या नजरेपासून लपवायचा आहे, तर कुठे ठेवीन? ओढ्याच्या पात्रात नाही. वाटेवरून दिसेल तिथे नाही. बहुधा पश्चिमेला पाठ केलेल्या एखाद्या कपारीत, तोंडाशी दोन-तीन दगड लावून. निसर्गात दगड कसेही पडतात. सारख्या आकाराचे तीन दगड ओळीने दिसले, झाडाच्या ढोलीत वाळक्या काटक्या एकाच दिशेने रचलेल्या दिसल्या, शेवाळ नसलेली बाजू वर आलेली दिसली, की तिथे माणसाचा हात लागलाय. आधी पाच मिनिटं नुसतं बघा. मग केंद्रापासून बाहेर वर्तुळात सरका, आणि प्रत्येक वर्तुळ गुडघ्याखाली, कमरेएवढं आणि डोक्याच्या वर अशा तीन उंचींवर तपासा. नवखे खालीच पाहतात.

कपारीत हात घालायचा नाही. कधीच नाही. कोकणात आणि घाटपायथ्याशी दगडाखाली फुरसं (विषारी साप) असतं, जेमतेम दीड वीत लांब, मातीच्या रंगाचं, आणि हलत नाही. आधी विजेरीने आत पाहा, मग काठीने डिवचा, मग मोजा घातलेला हात. दगड उचलायचा असेल तर पलीकडची कड धरून आपल्याकडे उचला, म्हणजे खाली काही असलं तर मध्ये दगडाची ढाल राहते. पाहून झालं की दगड होता तसाच खाली ठेवा. त्याखालच्या जिवांचं ते घर असतं. लाल विंचवाचा दंश कोकणात एके काळी सर्रास जीवघेणा ठरे, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन वापरून त्यावर उपचार दाखवून दिला. साप असो वा विंचू, जखम कापणं, आवळून बांधणं, तोंडाने विष ओढणं यात वेळ घालवू नका. चावलेला भाग हलू न देता माणसाला खाली न्या आणि १०८ किंवा ११२ ला फोन करा.

कड्याच्या ओठाखाली काळे लोंबते पोळे दिसले तर शोध तिथेच थांबवा. आग्या मधमाश्यांना धूर, अत्तराचा वास आणि आरडाओरडा चालत नाही. अंगावर आल्या तर हात झाडत उभं राहू नका, तोंड झाकून लांब पळा, पण कड्याच्या दिशेने नाही.

पाऊण तास झाला आणि काही नाही? परत फिरा. घरी येऊन ‘सापडला नाही’ अशी नोंद प्रामाणिकपणे टाका. पुष्कळ जण लाजेने टाकत नाहीत आणि मग नसलेल्या डब्यासाठी पुढचे चार जण चढून जातात.

डबा हातात आल्यावर

उघडण्याआधी तो कसा ठेवला होता त्याचा एक फोटो काढा, फक्त स्वतःसाठी. तो कुठेही टाकायचा नाही. वहीत तारीख आणि खेळातलं नाव लिहा. वस्तू घेतली तर तेवढ्याच मोलाची किंवा बरी ठेवा. खाऊ कधीही ठेवू नका, मुंग्या आणि माकडं दोघांनाही वास लागतो. सुरी, काडेपेटी, फटाके, दारू हे नियमातच बसत नाही. क्रमांक कोरलेलं नाणं किंवा बिल्ला दिसला तर तो ‘ट्रॅकेबल’: घेतला तर तो पुढच्या डब्यात नेऊन ठेवायची जबाबदारी तुमची, घरच्या शोकेसमध्ये ठेवायचा नसतो.

वही ओली असेल तर पानं ओढून सुटी करू नका. पाणी निथळा, डबा आतून फडक्याने पुसा, जवळचा कोरडा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवा आणि ऑनलाइन नोंदीत मालकाला देखभालीची गरज कळवा. झाकण लावताना कडेच्या रबरात वाळूचा कण किंवा पिशवीचं टोक अडकलेलं नाही ना, हे बोट फिरवून पाहा. डब्यात पाणी शिरण्याचं पहिल्या क्रमांकाचं कारण हेच, फुटलेलं झाकण नव्हे.

स्वतःचा डबा लपवायचा तर

निदान वीस डबे शोधल्याशिवाय नको. मग जागा निवडताना नकारयादीपासून सुरू करा. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत नाही. म्हणजे बरेच गड बादच. लेण्यात, टाक्यात, देवळात, वीरगळीजवळ नाही. रेल्वे स्टेशन, पूल, जलवाहिनी, वीजकेंद्र यांच्या आसपास तर मुळीच नाही. मुंबईत बेवारस स्टीलचा डबा दिसला की बॉम्बशोधक पथक येतं, आणि ते बरोबरच आहे. जमीन खणायची नाही, कातळात खिळा ठोकायचा नाही. दुसऱ्या डब्यापासून किमान १६१ मीटर अंतर हवं. वनजमीन असेल तर वनखात्याची, खासगी असेल तर मालकाची, गावठाणाजवळ असेल तर ग्रामपंचायतीची परवानगी घ्या. डबा प्रसिद्ध होण्याआधी स्वयंसेवक परीक्षक पान तपासतो आणि त्याची पहिली शंका परवानगीचीच असते.

डबा पारदर्शक, चार बाजूंनी पट्ट्या बसणारा आणि झाकणात रबर असलेला घ्या. आइस्क्रीमचा डबा एका उन्हाळ्यात तडकतो. रिळाच्या डब्या पावसात पाणी पितात. बिस्किटांचा पत्र्याचा डबा पहिल्याच पावसाळ्यात गंजतो. छोट्या डब्यासाठी शीतपेयाच्या बाटलीचा न फुगवलेली कच्ची नळी (प्रीफॉर्म) मिळाली तर सोडू नका. आटे घट्ट बसतात आणि प्लॅस्टिक जाड असतं. वही पेन्सिलीने लिहिता येईल अशी, दुहेरी पिशवीत. ओलावा शोषणाऱ्या पुड्या पहिल्या आठवड्यात भिजून निरुपयोगी होतात, त्यांच्यावर विसंबू नका. डब्यावर बाहेरून दिसेल असं ठळक मराठीत लिहा: ‘हा खेळाचा डबा आहे, यात धोकादायक काही नाही, कृपया होता तिथे ठेवा.’ आत मराठीत चार ओळींची चिठ्ठी. गुराख्याला इंग्रजी चिठ्ठी सापडली तर त्याने डबा घरी नेला, यात दोष त्याचा नाही.

आकडे एकदाच घेऊ नका. दोन वेगवेगळ्या दिवशी, प्रत्येक वेळी पाच-पाच मिनिटं फोन स्थिर ठेवून वाचा आणि सरासरी काढा. मग जागा न पाहिलेल्या मित्राला फक्त आकडे आणि हिंट देऊन वर पाठवा. तो दहा मीटरच्या बाहेर शोधत बसला तर आकडे पुन्हा घ्या.

पावसाळ्यानंतर वाटा मोकळ्या झाल्या की दर वर्षी एक फेरी ठरलेली: वही बदला, रबर पाहा, तोंडाचे दगड नीट लावा. ती फेरी जमणार नाही असं दिसलं तर पान संकेतस्थळावर बंद करा आणि त्याआधी वर जाऊन डबा उचलून आणा.